तांदळाच्या डब्यातली बॅट

बडनेऱ्याच्या फलाटावर आईने माझ्या ट्रंकेचं झाकण तिसऱ्यांदा उघडलं, तेव्हा गाडी यायला दहा मिनिटं होती. लग्न होऊन आठच दिवस झाले होते. तुमचे आजोबा पुढे जाऊन तारापूरच्या वीज केंद्राच्या कॉलनीत क्वार्टर ताब्यात घेऊन बसले होते आणि मला पोचवायला माझा धाकटा भाऊ निघाला होता. आईला ट्रंकेत लाटणं सापडत नव्हतं. सापडली ती माझी टेबल टेनिसची बॅट, बाबांच्या जुन्या धोतराच्या तुकड्यात गुंडाळलेली, शालूच्या घडीत बरोबर मधोमध.

"लाटणं राहिलं अन् ही फळी घेऊन चालली," आई बाबांकडे बघून म्हणाली, जणू बॅट त्यांनीच ठेवली होती. ती त्यांनीच ठेवली होती.

बाबा अमरावतीच्या हायस्कूलात इंग्रजी शिकवायचे आणि संध्याकाळी शाळेच्या हॉलमध्ये मुलामुलींना टेबल टेनिस खेळवायचे. गाडी सुटताना इतर मुलींचे वडील जे सांगतात, सासरी नीट राहा, पत्र लिही, ते त्यांनी काही सांगितलं नाही. खिडकीच्या गजाला हात लावून एवढंच म्हणाले, "तिकडे समुद्र आहे. हवा बदलली की चेंडू बदलतो. पहिले हवा ओळख, मग खेळ."

सई, ईशान, तुम्ही दोघांनी मागच्या महिन्यात व्हिडिओ कॉलवर विचारलंत की आजी, तू आमच्याकडे कायमची का येत नाहीस. तुमची आई मागे उभी राहून कपडे घडी घालत होती आणि कान इकडे होता, हे मला दिसलं. मी म्हटलं, लिहून कळवते. मला बोलण्यापेक्षा लिहिणं नीट जमतं. उत्तर जरा लांबचा रस्ता घेऊन येतंय.

अमरावतीची हवा कोरडी. उन्हाळ्यात ओठ फुटायचे, केसांना कंगवा लावला की चटचट आवाज यायचा. त्या हवेत चेंडूचा आवाज काचेवर नखाने टकटक करावं तसा लख्ख यायचा. बाबांच्या हॉलमध्ये डोळे मिटून बसलं तरी कोण खेळतंय ते मी सांगू शकायचे. मग ती गाडी, मुंबईला एक मुक्काम, आणि दुसऱ्या दिवशी गुजरातकडे जाणारी गाडी. विरार मागे पडल्यावर डबा बराच मोकळा झाला आणि वैतरणेच्या पुलावर गाडी हळू झाली. दोन्ही बाजूंना खाडीचं पाणी, इतकं शांत की आपण पुलावरून चाललोय की पाण्यावरून, ते कळेना. भाऊ म्हणाला, "ताई, हात चिकट लागताहेत गं." मी माझे तळवे एकमेकांवर घासून पाहिले. बाबा म्हणाले होते ती हवा डब्यात आली होती.

कॉलनीच्या मनोरंजन केंद्रात एकच टेबल होतं. संध्याकाळी ते पुरुषांचं, दुपारी तीन ते पाच बायकांचं. महाराष्ट्राच्या सगळ्या कोपऱ्यांतून आलेल्या आम्ही बायका, कुणी कोल्हापूरची, कुणी नाशिकची, आणि बहुतेकींनी बॅट इथे येऊनच पहिल्यांदा हातात घेतलेली. तिथला एक कडक नियम होता. खेळ सुरू झाला की पंखा बंद. वाऱ्याने चेंडू भरकटतो म्हणून. किनाऱ्यावरच्या त्या दमट दुपारी दहा-बारा बायका भिंतीशी बाकांवर बसून घाम पुसायच्या, आणि नाशिकच्या एक वहिनी पदराने वारा घेत खेळणाऱ्यांना म्हणायच्या, "हरा गं कुणीतरी लवकर, जीव चाललाय."

मी रोज हरायचे. अमरावतीत कॉलेजची चॅम्पियन होते, आणि इथे चार दिवसांपूर्वी बॅट धरलेल्या बायका मला हरवायच्या. चेंडू जड वाटायचा, रबरावरून घसरायचा, आवाज ओल्या लाकडावर पडल्यासारखा. बाबांना मी तसं पत्र लिहिलं. त्यांचं उत्तर आलं, त्यात घरच्या सगळ्यांची खुशाली होती आणि शेवटी एक ओळ, "ओळख झाली का?"

ओळख व्हायला वर्ष गेलं. तेवढ्यात रबर कडेने सुटायला लागलं होतं. मग दोन उपाय सापडले. पहिला माझा, की बॅट तांदळाच्या डब्यात ठेवायची. तांदूळ ओल पितो. भात करायला डबा उघडला की आधी बॅट काढायची, मग तांदूळ मोजायचे, मग बॅट परत. तुमचे आजोबा पाहुण्यांना सांगायचे, आमच्याकडे कोलम, आंबेमोहोर आणि बॅट असे तीन प्रकार मिळतात. दुसरा उपाय बोईसरच्या स्टेशन रोडवरच्या सायकलवाल्याचा. बॅट बघून तो हिंदीत म्हणाला, "इसमें क्या है बहनजी, सोल्यूशन लगाओ." पंक्चर काढायचं सोल्यूशन. घरी येऊन मी ते लावलं, रबर घट्ट बसलं, आणि दुसऱ्या दिवशी चेंडू असा सुटला की पलीकडच्या वहिनींनी बॅट पुढे करेपर्यंत तो भिंतीला लागून परत आला होता. का, ते मला तेव्हा माहीत नव्हतं. त्या सोल्यूशनच्या वाफेने खालचा स्पंज फुगतो आणि ताणला जातो. जगातल्या मोठ्या खेळाडूंनाही ते कळलं होतं म्हणे. मला ते सायकलवाल्याकडून कळलं.

तुमच्या आईची सगळी कारकीर्द त्या वासात गेली. मृणाल दहा वर्षांची असताना तिने बॅट धरली. सामन्याच्या सकाळी मी रबर सोडवायचे, नव्याने सोल्यूशन लावायचे, आणि ती माझ्या खांद्यावर हनुवटी टेकून बघत राहायची. रिबिनी बांधलेल्या दोन वेण्या आणि तो वास. जिल्ह्यात तिला हरवणारी मुलगी नव्हती. परत येताना गाडीत तिचं डोकं दुखायचं आणि मी म्हणायचे, ऊन लागलं असेल, झोप. पुढे ती शिकली, लग्न केलं, कॅलगरीला निघाली. विमानतळावर मी तिच्या बॅगेत बॅट ठेवली आणि वर लाटणंही ठेवलं, म्हणजे माझ्या आईला वर कुठेतरी बरं वाटलं असेल. पोचल्यावर तिचा पहिला फोन आला, त्यात ती म्हणाली, "आई, इथली हवा इतकी कोरडी आहे की ओठ फुटलेत. आणि चेंडूचा आवाज ऐकशील तर!" तिने फोन टेबलाजवळ धरला. मी बोईसरमध्ये उभी होते आणि कानात अमरावती वाजत होती.

म्हणून सई, तू खेळतेस तो आवाज मला अनोळखी नाही. घरातल्या तीन पिढ्या फिरून त्याच हवेत आल्या. मधली एक मी तेवढी समुद्रापाशी राहिले.

खेळ मात्र कुठच्या कुठे गेला. मला इंग्रजी नीट येत होतं म्हणून क्लबने नियमांचं पुस्तक माझ्याकडे दिलं होतं, ते मी वहीत मराठीत उतरवलं आणि त्यातूनच पुढे परीक्षा देऊन पंच झाले. त्या वहीत खाडाखोड झाली नाही असं एकही पान उरलेलं नाही. एकवीस गुणांचा गेम अकराचा झाला. चेंडू थोडा मोठा केला, म्हणजे टीव्हीवर नीट दिसावा, मग सेल्युलॉइडचा जाऊन प्लास्टिकचा आला. सर्व्हिस करताना चेंडू हाताआड लपवायला बंदी आली. आता मोठ्या स्पर्धांत पंचाच्या निर्णयावर खेळाडू हात वर करतो आणि सगळे पडद्याकडे बघतात. आपल्या मुलींचा संघ ऑलिंपिकला गेला, बॅटला उंच दाणे असलेलं, चेंडूची फिरकी मारणारं रबर लावून खेळणाऱ्या आपल्या मुली चिनी मुलींना हरवतात, आणि हे सगळं मी सकाळच्या चहाबरोबर टॅबलेटवर बघते. बाबा असते तर त्यांनी खुर्ची टॅबलेटला चिकटवली असती.

आणि एक पान असं, की ते लिहिताना माझा हात थांबला होता. सोल्यूशनवर बंदी. परिपत्रकात कारण दिलं होतं की त्या वाफा बंद हॉलमध्ये श्वासातून जातात आणि शरीराला घातक असतात. मी त्याच दिवशी तुमच्या आईला फोन केला. विचारलं, "तुझं डोकं दुखायचं ना गं?" ती हसली. "ते गणिताच्या पेपराने." मला हसू आलं नाही. मी वहीत नियम उतरवला आणि खाली दोन रेघा मारल्या.

मागच्या दिवाळीत सई आली तेव्हा तिच्या बॅटला एका बाजूला काळं आणि दुसऱ्या बाजूला गुलाबी रबर होतं. आता लाल सोडून आणखी काही रंग चालतात. जाताना ती बॅट इथेच ठेवून गेली, म्हणाली, आजी, पुढच्या वेळी आले की लागेल. मी ती तांदळाच्या डब्यात ठेवली.

आता कुंदा. आजोबा गेल्यावर मी बोईसरच्या सोसायटीत राहायला आले, तेव्हापासून दर बुधवारी ती मासळी घेऊन येते. तारापूरच्या बाजूला किनाऱ्यावर तिचं गाव, नवरा बोटीवर. आधी मी तिच्या दृष्टीने बोंबील आणि मांदेलीतला फरक न कळणारी घाटावरची बाय होते. मग एका बुधवारी तिच्याबरोबर तिची मुलगी भाविका आली आणि सोसायटीच्या हॉलमध्ये मी मुलांना खेळवत होते तिथे दारात उभी राहिली. मी तिला बॅट दिली. तिच्या हातात काहीतरी होतं. जाळं फेकणाऱ्या माणसांच्या मनगटात असतं तसं. आज ती चौदा वर्षांची आहे आणि या वर्षी जिल्ह्यातून राज्याच्या स्पर्धेला जाणाऱ्या चार मुलींत तिचं नाव येणार, असं सगळे धरून चालले होते. कुंदा कुणालाही सांगायची, "आमची पोरगी आता बोर्डावर नाव लावनार हाय."

पावसाळ्यात एका बुधवारी भाविकाचं रबर सुटलं. हल्लीचा गोंद पाण्यात कालवलेला असतो, दमट हवेत वाळायला तासन्‌तास लागतात. कुंदा टोपली घेऊन खोळंबून बसली होती, म्हणून मी तिला चहा दिला आणि गोष्ट सांगितली. सायकलवाल्याची, सोल्यूशनची, मृणालच्या वेण्यांची, चेंडू भिंतीला लागून परत यायचा त्याची. कुंदा तोंडाला पदर लावून हसत होती. गोष्ट रंगली होती. बंदीचं मी सांगितलं नाही. मुद्दाम नव्हे. गोष्टीच्या त्या टोकापर्यंत जायला मला नको वाटलं असावं.

निवड चाचणी पालघरला होती. माझ्याकडे शिकणारी मुलगी खेळत असली की मी तिच्या सामन्याला पंच बसत नाही, म्हणून मला बॅटी तपासायच्या टेबलावर बसवलं होतं. माझ्या पर्समध्ये सईची बॅट होती, कारण तिथल्या एका क्रीडाशिक्षकांचा गुलाबी रबर चालतं यावर विश्वास बसत नव्हता आणि मी त्यांना नियमाच्या कागदासकट ती दाखवणार होते. मुली एकेक करून येत होत्या. मी रबर बघायचे, जाडी बघायचे, नाकाशी धरायचे. जिल्ह्याच्या पातळीवर वास ओळखायचं यंत्र नसतं.

भाविकाने हसत बॅट पुढे ठेवली. मी ती उचलली, आणि पुढचा क्षणभर मी पालघरमध्ये नव्हते. कॉलनीतलं स्वयंपाकघर होतं, सकाळ होती, खांद्यावर एक हनुवटी टेकलेली होती. इतका गोड, इतका घरचा वास. मी बॅट जरा जास्तच वेळ नाकाशी धरली असणार, कारण शेजारी नोंद करायला बसलेले गृहस्थ म्हणाले, "मॅडम, ठीक आहे ना?" त्यांना सर्दी झाली होती. त्यांचं पेन कागदावर टेकलेलं होतं. मी मान हलवली असती तर त्या हॉलमध्ये कुणालाही काही कळलं नसतं.

मग मला गाडीत डोकं धरून झोपलेली मृणाल आठवली.

"ही चालणार नाही," मी म्हटलं.

भाविकाने वळून आईकडे पाहिलं. कुंदा मागून पुढे आली. आदल्या संध्याकाळी रबर सुटलं, नवऱ्याने मोटरसायकलच्या पिशवीतलं सोल्यूशन काढलं आणि मुलीच्या समोर बसून, माझ्या गोष्टीत होतं तसं, व्यवस्थित लावलं. हे सगळं तिने सांगितलं आणि मग ती सगळ्यांसमोर म्हणाली, "बाय, तुमीच सांगितलेला."

"हो," मी म्हटलं. "मीच सांगितलं. आणि अर्धंच सांगितलं."

मी पर्समधून सईची बॅट काढली, तपासली, नोंद करून घेतली आणि भाविकाच्या हातात दिली. तिला सरावाला पाच मिनिटं मिळाली. नवं रबर, निराळा स्पंज. चवथी जागा ठरवणाऱ्या सामन्यात ती पहिले दोन गेम हरली, चेंडू टेबलाबाहेर जात राहिले. मग तिने बॅट ओळखली आणि पुढचे दोन जिंकले. पाचवा दहा-दहा झाला. हॉलचे पंखे बंद होते आणि मी माझ्या टेबलावर बसून दोन्ही तळवे घट्ट मिटले होते. पाचवा ती बारा-दहाने हरली. एक गेम आधी तिला ती बॅट समजली असती तर, असा हिशोब मी आजही करते.

भाविका बॅट परत द्यायला आली. मी म्हटलं, ठेव तुझ्याकडे. कुंदाने मुलीचा दंड धरला आणि माझ्याकडे न बघता निघून गेली.

पुढच्या बुधवारी ती आली नाही. त्याच्या पुढच्या बुधवारीही नाही. मी दोन्ही दिवशी वाटण करून ठेवलं होतं. तिसऱ्या बुधवारी मी कपाटावरची ट्रंक उतरवली, तीच बडनेऱ्याची, आणि झाकण उघडून समोर बसले. मला वाटलं, आता हो म्हणावं मृणालला. पन्नास वर्षं या हवेत काढली आणि शेवटी इथल्या एका मुलीचं नुकसान केलं, तेही लाडाने सांगितलेल्या गोष्टीमुळे. तिकडे निदान चेंडूचा आवाज तरी ओळखीचा आहे. मी पासपोर्ट शोधून वर काढून ठेवला. हे तुमच्या आईला मी अजून सांगितलेलं नाही.

त्यानंतरचा रविवार म्हणजे तुझ्या क्लबचा सामना, सई. तुमच्याकडे शनिवारची संध्याकाळ, माझ्याकडे नुकतं उजाडत होतं. मी चहा घेऊन टॅबलेट लावत होते तेवढ्यात बेल वाजली. दारात कुंदा आणि भाविका. कुंदाच्या हातात टोपली नव्हती. जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेलं काहीतरी होतं. तिने ते माझ्या हातात दिलं आणि मी उलगडलं तर बॅटच्या मुठीवरून तांदळाची पांढरी भुकटी सांडली.

"डब्यात ठेवलेली," कुंदा म्हणाली. "तुमी ठेवता तशी. तो भाग तरी चालतो ना?"

मी म्हटलं, तो चालतो. मग मी माफी मागायला लागले तर तिने हात झटकला. नवरा तीन आठवडे तिला बोलत होता, ती मुलीला बोलत होती, आणि मुलगी कुणालाच काही बोलत नव्हती. आदल्या दिवशी ती एकदम बोलली. कुंदाने ते मला जसंच्या तसं सांगितलं. "बोलते कशी, बायनी वास ओळखला ता बरा झाला. पुढं मोठ्या ठिकाणी कोनी ओळखला असता तर मला खेळूच दिला नसता." मग कुंदा स्वतःचं म्हणाली, "पुढल्या वर्षी पन वास तुमीच घ्या. पन माज्या नवऱ्याला काय गोष्टी सांगू नका."

भाविका तोवर टॅबलेटसमोर जाऊन बसली होती. तिने विचारलं, हीच का सई, जिची बॅट आहे. मी म्हटलं, हीच. मी कुंदाला खुर्ची दिली, तुझी सर्व्हिस सुरू झाली, आणि सवयीने मी उठून पंखा बंद केला.

दोन मिनिटांत खोली तापली. मग कुंदाने पदराने मान पुसली.

"बाय," ती म्हणाली, "चेंडू तिकडं हाय. पंखा चालू ठेवला तर काय उडनार हाय?"

भाविका हसत सुटली, मीही हसले. पण पंखा लावायला तिघींपैकी कुणी उठलं नाही. तुझा चेंडू अमरावतीच्या आवाजात वाजत होता, खिडकीतून समुद्राकडची ओली हवा येत होती, आणि आम्ही तिघी घामाने निथळत बसलो होतो.

तर बाळांनो, माझं उत्तर हे असं आहे. उन्हाळ्यात दोन महिने येईन, ट्रंक नाही, छोटी बॅग घेऊन. पासपोर्ट त्यासाठी वर काढलेलाच आहे. सई, तुझी बॅट तुला विचारल्याशिवाय मी भाविकाला देऊन टाकली आहे, त्याबद्दल तू माझ्यावर रागाव. तिने ती जाताना परत लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून नेली. ती आता त्यांच्या तांदळात आहे.

आणि हो, पंखा मी तुझा शेवटचा पॉइंट झाल्यावरच लावला.